आत कोण आहे?

डॉ. तायड्यांची एक सवय होती आणि तिच्यावरून दवाखान्यात आम्ही सगळेच त्यांची टिंगल करायचो, त्यातही मी जरा जास्तच. कुठलंही दार लावण्याआधी हा माणूस उंबऱ्यावर थांबायचा, मान आत घालायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "आत कोण आहे?" मग जरा वेळ कान देऊन ऐकायचा आणि त्यानंतरच दार ओढायचा. औषधांच्या कोठीलाही हेच. त्या कोठीत माणूस सोडा, धड मांजराला अंग वळवायला जागा नव्हती. आमचा शिपाई मधुकर मोठा नकल्या. एकदा तो मुद्दाम आत लपला आणि बारीक आवाज काढून म्हणाला, "कोणी नाही, साहेब." आम्ही बाहेर तोंडावर पदर धरून हसतोय. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मधुकर ओशाळून बाहेर येईपर्यंत दार धरून उभे राहिले, मग कुलूप लावलं आणि पेशंट बघायला निघून गेले.

ही सवय ते घेऊन आले नव्हते. ती त्यांना आमच्या गावात लागली. कशी लागली ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होते.

आमचं गाव धरणगाव आणि एरंडोलच्या मधलं. मी मूळची चोपड्याची, पण नर्स म्हणून या गावात आले ती इथलीच झाले. सरकारी दवाखाना गावाच्या कडेला, त्याच्या मागे आमची क्वार्टर्स आणि पलीकडे कापसाची शेतं. डॉक्टर इथे टिकत नसत. कोणी पुण्याचा, कोणी नाशिकचा. आला की पहिल्या आठवड्यात बदलीचा अर्ज. तायडे आले ते ऐंशी सालानंतर, दोन-तीन वर्षांत. उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. राहणारे वरणगावचे. वडील तिथल्या फॅक्टरीत कामगार होते. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं अशा घरात वाढलेला माणूस, त्यामुळे शिस्त अंगातच मुरलेली. दवाखान्याचं कुलूप गंजलेलं पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी जळगावहून एक भलं मोठं पितळी कुलूप आणवलं. दिवसा ते त्यांच्या पॅन्टच्या खिशात असायचं. चालताना मांडीवर आपटायचं. आठ दिवसांत गावानं नाव ठेवलं, 'कुलूप डाक्टर'.

चहा बिनदुधाचा प्यायचे, तोही स्वतःच्या स्टीलच्या ग्लासात. हात धुतले की टॉवेलला पुसायचे नाहीत. दोन्ही हात वर धरून वाळेपर्यंत तसेच उभे राहायचे. पहिल्यांदा येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना वाटायचं, साहेब आशीर्वाद देतायत. बिचाऱ्या वाकून नमस्कार करायच्या. आणि भांडायला कोणी आला की यांचा एकच उपाय. समोरचा तावातावानं बोलत असायचा आणि हे शांतपणे म्हणायचे, "जीभ दाखवा." आता जीभ बाहेर काढून कोणाला भांडता येतं का? माणूस मुकाट जीभ दाखवायचा, हे बघायचे आणि म्हणायचे, "पोट साफ नाही तुमचं. बसा." भांडण तिथेच बारगळायचं. मी स्वतः दोनदा भांडायला गेले आणि दोन्ही वेळा जीभ दाखवून परत आले.

ते आले त्याच वर्षी आषाढात गॅस्ट्रो आला. सुरुवात गावाच्या खालच्या अंगाला भिल्लांची वस्ती आहे तिथून झाली. आम्ही तिला भिलाटी म्हणतो. नाल्याचं पाणी वस्तीच्या विहिरीत उतरलं होतं. मग गावात दोन घरं, मग चार, मग शाळेच्या वर्गात सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगून आम्ही माणसं झोपवायला लागलो. ज्यांनी गॅस्ट्रो पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सकाळी बैल हाकत शेतात गेलेला गडी संध्याकाळी ओळखू येत नाही, डोळे खोल जातात, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी होते.

तायड्यांनी तेव्हा जे केलं ते धडाधड केलं. विहिरीवर फळ्या ठोकून आपलं पितळी कुलूप लावलं. गुरुवारचा बाजार बंद केला. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ बंद, कापलेली फळं बंद, लग्नाची पंगत बंद. आणि भिलाटीची वाट बंद. आतलं कोणी बाहेर नाही, बाहेरचं कोणी आत नाही. फक्त मी सकाळी जाऊन औषध द्यायचं, आणि बैलगाडीनं पाण्याच्या टाक्या आणि धान्य पोचवायचं. उपाशी कोणाला ठेवलं नव्हतं, हे सांगायला हवं. कोतवालानं दवंडी दिली आणि गावच्या तरण्या पोरांनी हौसेनं बाभळीचे काटे तोडून वाटेवर रचले. एरवी ग्रामपंचायतीच्या कामाला बोलावलं तर ही पोरं सापडायची नाहीत. दुसऱ्याची वाट अडवायची म्हटल्यावर सगळी हजर.

गिरजाक्का नावाची एक भाजीवाली होती. विधवा बाई, एक मुलगा, बाजारावर सगळा संसार. बाजार बंद झाला तेव्हा तिची वांगी आणि गिलकी तोडून तयार होती. ती सगळी सडली. ती टोपली तिनं डोक्यावर घेतली, दवाखान्यात आली आणि ओसरीवर पालथी केली. "ल्या, खा आते. मनी बठ्ठी भाजी सडी गई," ती म्हणाली. घाण वास सुटला. मला वाटलं, आता हे हिलाही जीभ दाखवायला सांगणार. पण ते त्या वांग्यांकडे बघत राहिले आणि नंतर मधुकरला न सांगता स्वतः झाडू घेऊन ओसरी धुतली.

पण गॅस्ट्रो थांबला, बरं का. खरं ते खरं. शेजारच्या गावांत पोळ्यापर्यंत माणसांना लागण होत होती, आमच्याकडे महिन्याच्या आत शाळेचे वर्ग रिकामे झाले. साहेब लोक येऊन पाठ थोपटून गेले. मी स्वतः पाहिलंय, बंद केल्याचा गुण आला.

आणि त्याच दिवसांत भुरीबाईचं झालं. भुरीबाई भिलाटीतली, पहिलटकरीण. तिला आठवा सरत आला होता. मी सकाळी जाऊन आले तेव्हा ती दारात बसून ज्वारी निवडत होती. मी गेल्यावर दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि मूल आडवं होतं. तिचा नवरा धावत काट्यांपर्यंत आला. राखणीला बसलेल्या पोरांनी त्याला सांगितलं की डॉक्टरचा हुकूम आहे, बाहेर यायचं नाही. त्यानं बायको अडलीय म्हणून सांगितलं. पोरं म्हणाली, आम्ही निरोप देतो. निरोप द्यायला कोणी उठलं नाही, पत्त्यांचा डाव रंगात आला होता. आणि तो माणूस परत गेला! त्यानं आरडाओरडा केला नाही, काटे तुडवले नाहीत. सांगितलेलं ऐकायची पिढ्यान्‌पिढ्या सवय लागलेली माणसं ती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा मूल गेलं होतं आणि भुरीबाई भिंतीला टेकून बसली होती. ती जगली ती तिच्या चिवटपणानं.

मी येऊन डॉक्टरांना सांगितलं. ते तसेच उठून गेले. मी मागे पळत होते. काट्यांपाशी पोचल्यावर त्यांनी हातांनी बाभळी ओढायला सुरुवात केली. मी म्हटलं, साहेब, कोणाला तरी कुऱ्हाड आणू द्या. ऐकायला तयार नाहीत. सगळी वाट मोकळी करून मगच ते वस्तीत गेले. भुरीबाईला तपासलं, औषध दिलं, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि एक शब्द बोलली नाही. पुढे इतकी वर्षं गेली, तिला नंतर दोन मुलं झाली, त्यांचे डोस माझ्याकडून घेतले, पण या माणसाशी ती बोलली नाही ती नाहीच. एकदा सोडून. ते शेवटी सांगते.

त्यांच्या हातात रुतलेले बाभळीचे काटे मी चिमट्यानं काढत होते तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "सिस्टर, वाट अडवण्याआधी मी विचारायला हवं होतं, आत कोण आहे."

लोकांना वाटेल, मग त्यांनी बंद करणं सोडलं असेल. छे. पुढच्या वर्षी कावीळ आली तेव्हा पुन्हा विहिरीला कुलूप, पुन्हा दवंडी. पण तऱ्हा बदलली. बाजार बंद करायच्याऐवजी गावाबाहेर कोरड्या शेतात हलवला आणि भाजीवाल्यांना लांब लांब बसवलं. गिरजाक्काला सगळ्यांत पुढची जागा दिली, तरी ती त्यांना शिव्या देतच होती. वाट अडवली तर तिथे पत्ते खेळणारी पोरं नाहीत. एक जाणती बाई बसवायचे आणि तिला सांगायचे की तुझं काम अडवायचं नाही, विचारायचं. कोण आलं, का आलं, घरात काय अडलंय. आणि बंदी घालायच्या आदल्या दिवशी स्वतः घरोघर फिरून बघायचे, कोण गरोदर, कोण एकटं, कोणाची चूल रोजच्या मजुरीवर. आमचे पाय तुटायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, त्या वेळी तुमच्या बंदीनं किती माणसं वाचली ते तरी धरा की हिशेबात." तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेवला. "धरतो ना. पण वाचलेल्या माणसाला कळतच नाही तो वाचलाय ते. तो काही येऊन सांगत नाही. गेलेल्याला मात्र नाव असतं." मग म्हणाले, "म्हणून बंद करायचं नाही असं नाही, सिस्टर. बंद केलं नसतं तर अशी आणखी नावं असती. दोन्ही बाजूंना माणसंच आहेत, त्याला मी काय करू?"  

मधे काही वर्षं ते धुळ्याकडे, साक्रीला बदलून गेले. आम्हाला वाटलं सुटले. तर हे पुन्हा आमच्याकडेच! म्हणे, मागून घेतलं. आमचं गाव मागून घेणारा डॉक्टर त्याआधी झाला नाही आणि नंतरही व्हायचा नाही.

मग चौऱ्याण्णव साल. भाद्रपद सरत आला होता, पितृपक्ष चालू होता आणि सुरतेला प्लेग आल्याची बातमी रेडिओवर आली. आता आमच्या भागात सुरत म्हणजे परकं गाव नाही. घरटी एक माणूस तिकडे कापडाच्या मागावर, नाहीतर साड्यांच्या कामावर. सुरतेहून सुटलेल्या गाड्या खचाखच भरून येत होत्या आणि धरणगावच्या स्टेशनात आमची माणसं बोचकी घेऊन उतरत होती. तोंडाला रुमाल बांधलेले, डोळे भेदरलेले.

गावाची तर पाचावर धारण बसली. सरपंच लोटन आबा मोठा धीराचा माणूस, पण त्यांच्या आजोबांचं अर्धं घर जुन्या प्लेगात बसलं होतं, आणि त्या गोष्टी ऐकत ते वाढलेले. त्यांनी मारुतीच्या पारावर गाव जमवलं आणि ठराव केला की सुरतेचं कोणी शिवेच्या आत येणार नाही. रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या. मजा बघा. ज्या गावानं बाजार बंद केला म्हणून डॉक्टरला शिव्या घातल्या, तेच गाव आता म्हणत होतं, कुलूप लावा.

आणि त्याच दिवशी गाड्यांच्या पलीकडे येऊन उभा राहिला तो गिरजाक्काचा मुलगा, हिलाल. त्याची बायको सुरेखा, कडेवर दूधपिती मुलगी, आणि त्यांच्यासोबत गावातलीच आणखी काही पोरं. स्टेशनापासून उन्हात चालत आलेली. गिरजाक्का गाड्यांच्या अलीकडे. मायलेकांत एका बैलगाडीचं अंतर. हिलाल कळवळून सांगत होता, "माले काहीच व्हयेल नही." लोक मागे सरत होते. मी रडले तेव्हा, सांगायला लाज कसली.

डॉक्टर आले. लोटन आबा म्हणाले, "डाक्टर, तवय भिलाटीले तुम्हीच काटा लावात ना? मंग आते काब्र नही?" आता का नाही, असा सरळ सवाल. आबांनी वर्मावरच बोट ठेवलं होतं. भिलाटीतली माणसंही मागे उभी होती. त्यांत भुरीबाईही होती.

डॉक्टरांनी आधी त्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले की आबा घाबरतायत ते खोटं नाही, हा रोग खोकल्यानं पसरतो आणि यांना सरळ घरात घेणं मलाही पटत नाही. पण परत पाठवलं तर ही माणसं रानोमाळ जातील, लपून नातेवाइकांकडे राहतील, ताप आला तरी सांगणार नाहीत. मग रोग कुठे आहे तेच आपल्याला कळणार नाही. आणि त्यांनी आबांनाच विचारलं, जुन्या प्लेगात तुमच्या आजोबांनी काय केलं होतं? आबा म्हणाले, गाव सोडून सगळे शेतात झोपड्या घालून राहिले. "सगळे," डॉक्टर म्हणाले. "एकट्याला कोणी शिवेवर सोडलं नव्हतं."

शिवेवर बंद पडलेली जिनिंग होती, कापसाची. मोठी पत्र्याची शेड, मागे भिंतीआडच्या आवारात हातपंप. सुरतेहून येणाऱ्यांनी आठवडाभर तिथे राहायचं, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घ्यायच्या, ताप आला नाही की घरी. लोक कुरकुरले. पळून आले तर? नजर कोण ठेवणार? तेव्हा डॉक्टरांनी खिशातून ते पितळी कुलूप काढलं आणि आबांच्या हातात दिलं. म्हणाले, "बाहेरून लावा. किल्ली तुमच्याकडे ठेवा. मी आत राहतो." अट एकच घातली, मी उघडा म्हटलं की उघडायचं.

मी भडकले. चारचौघांत म्हटलं, साहेब, डोकं फिरलंय का? चार माणसांसाठी आत बसाल आणि बाकीच्या गावांनी कोणाकडे जायचं? हाही हिशेबच आहे ना? ते म्हणाले, "आहे. तुमचं चूक नाही. पण मी बाहेर राहून किती दिवस बंद ठेवायचं ते ठरवलं तर मला काही वाटणार नाही. आत असलो तर वाटेल." आणि निघाले. शेडमध्ये शिरण्याआधी सवयीनं उंबऱ्यावर थांबले, तोंड उघडलं आणि काही न विचारताच आत गेले.

मग त्या जिनिंगच्या गजाच्या खिडकीत आमचा दवाखाना सुरू झाला. पेशंट दहा हातांवर रांगेत, मी मधे. मी तपासायचं, ओरडून सांगायचं, आणि आतून डॉक्टर ओरडून औषध सांगायचे. धोंडू वाण्याला मूळव्याध होती. त्याची तक्रार त्या आठवड्यात सगळ्या गावाला तोंडपाठ झाली. तो बिचारा नंतर महिनाभर मान खाली घालून फिरत होता.

जेवणाचं मात्र अवघड झालं. गिरजाक्का एकटी कुठवर पुरी पडणार? पितृपक्षाची खीर, वडे घरोघर होत होते, पण शेडजवळ पान घेऊन जायला कोणी धजेना. पहिली गेली ती भुरीबाई. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून आणला, खिडकीच्या गजांतून सुरेखाच्या हातात दिला. डॉक्टर तिथेच उभे होते; त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आल्या पावली परत गेली. दुसऱ्या दिवशी आबा बघायला आले तेव्हा डॉक्टर खिडकीतून म्हणाले, "आबा, मेलेल्या माणसांचा घास पत्र्यावर ठेवता, कावळा शिवला नाही तर तासभर हात जोडून उभे राहता. ही तर जिवंत आहेत." आबा तसेच घरी गेले. पण दुपारी त्यांच्या घरून पान आलं, आणि मग पाळी लागली. कोणी आपल्या बापाच्या नावानं हिलालला जेवू घातलं, कोणी सासूच्या नावानं सुरेखाला. डॉक्टर बौद्ध, त्यांच्याकडे पितरं नाहीत, पण तेही कोणाच्या तरी काकाच्या नावाची खीर खाऊन गेले आणि खिडकीतून आणखी वाढायला सांगितलं.

आठवडा सरत आला. सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं आणि ऐन दुपारी हिलालच्या मुलीला ताप भरला. थंडी वाजून, सणकून. वाऱ्यासारखी बातमी पसरली. मी पोचले तेव्हा निम्मं गाव शेडच्या अंगणात, पण लांब. डॉक्टर मुलीला घेऊन खिडकीपाशी उभे होते. म्हणाले, "आबा, उघडा. हिला जळगावला न्यावं लागेल."

आबांच्या हातात किल्ली होती. मागून लोक सांगत होते, उघडू नका, प्लेगच आहे, सगळं गाव मरेल. आबांनी विचारलं, प्लेग नाही असं सांगता का? आता इथे कोणीही खोटं बोललं असतं. मीच बोलले असते. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. मलेरिया असेल, प्लेगही असेल. इथे मला कळायचं नाही. कुलूप उघडलं तर गावाला थोडा धोका आहे. नाही उघडलं तर धोका सगळा हिचा आहे."  आबा भला माणूस, पण त्यांच्या डोळ्यांपुढे आजोबांचं घर. किल्ली कुलपाकडे जाईना. आत सुरेखा गजाला धरून नुसती बघत होती. तिनं रडणंही सोडून दिलं होतं.

तेव्हा भाकरीचं फडकं घेऊन आलेली भुरीबाई गर्दीतून पुढे झाली. फडकं खाली ठेवलं आणि आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. या बाईचा आवाज गावात कोणी धड ऐकला नव्हता.

"मना येळले काटा व्हतात," ती म्हणाली. "आते कुलूप शे. उघाड, आबा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, गजाआडच्या मुलीकडे पाहिलं आणि कुलूप उघडलं.

लोक बाजूला झाले, कोणी दगड मारला नाही. डॉक्टरांनी सुरेखाच्या तोंडाला रुमाल बांधला, स्वतःच्या बांधला, दोघींना दवाखान्याच्या जीपमध्ये घातलं आणि गेले. जाताना हिलालला आणि बाकीच्यांना आतच थांबायला सांगून कुलूप पुन्हा लावायला लावलं. तसे कडकच होते.

मलेरिया निघाला. मुलगी वाचली. आठवडा उलटला, शेडमधल्या कोणाला काही झालं नाही आणि सगळे घरी गेले. मग पारावर वाद सुरू झाला, तो आजही अधूनमधून निघतो. निम्मे म्हणतात, बघा, उगाच माणसं कोंडली, कोणाला काही नव्हतंच. निम्मे म्हणतात, कोंडली म्हणून गाव राहिलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणायचे, "मला माहीत नाही." एवढा शिकलेला माणूस सरळ मला माहीत नाही म्हणतो, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटायचं. आता वय झाल्यावर कळतं की तोच एक होता ज्यानं दोन्ही पारड्यांतली माणसं डोळ्यांनी पाहिली होती.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, कायमची. या वेळी मागून घेतलेली नाही, हुकूमच आला. सामान ते काय, एक ट्रंक, वळकटी आणि तो स्टीलचा ग्लास. टेम्पो दाराशी लागला. सगळं गाव आलं होतं. लोटन आबांनी शाल दिली. गिरजाक्का नातीला कडेवर घेऊन आली होती आणि शिव्याच देत होती, की इतक्या लांब कशाला जाता, तिकडे वांगी तरी मिळतात का. तिनं वांग्यांची टोपली ट्रंकेवर ठेवली, ताजी, काटेरी देठाची. डॉक्टरांनी टोपलीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

भिलाटीतली माणसं कुंपणाच्या कडेनं उभी होती, नेहमीसारखी जरा मागे. भुरीबाई दोन्ही मुलांना घेऊन आली होती. मी तिला पुढे ये म्हणून खुणावलं, ती हलली नाही.

डॉक्टरांनी क्वार्टरचं दार ओढून घेतलं, अर्ध्यावर थांबले. रिकामी खोली, चुन्याच्या भिंती, एका खिळ्याला कॅलेंडर. मान आत घालून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "आत कोण आहे?" कोणी हसलं नाही. ते नेहमीसारखे ऐकत उभे राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्तच. हातात कुलूप तसंच. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तरी हलले नाहीत.

भुरीबाई कुंपणापासून निघाली, पायरीपर्यंत आली आणि त्यांच्या खांद्याआडून त्या खोलीत डोकावली. नीट, कोपऱ्याकोपऱ्यात पाहिलं.

"कोनी नही, डाक्टर," ती म्हणाली. "लावा आते."

त्यांनी दार लावलं.